एका शिफ्टचा फरक

घरी तुमचा हुद्दा काय आहे हो? म्हणजे ऑफिसमधला नाही, घरचा. कुणी 'शहाणी' असते, कुणी 'धाकटा'. माझा हुद्दा आहे 'कॉम्प्युटरवाली'.

पुण्यात मी एका कंपनीत एचआरमध्ये आहे. दिवसभर एक्सेल, दुपारी कंटाळा, संध्याकाळी ट्रॅफिक! पण बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत, म्हणजे माझ्या माहेरी, 'पोरगी कंपनीत आहे' याचा अर्थ एकच. तिला कॉम्प्युटर उघडून पुन्हा बंद करता येतो. त्यामुळे सेट-टॉप बॉक्सपासून बँकेच्या ओटीपीपर्यंत सगळी खाती माझ्याकडे. आणि मी त्यावर एकच औषध देते. बंद करून चालू करा!

पावसाळ्यात एका सकाळी बाबांचा फोन आला. मी स्टँड-अप मीटिंगमध्ये. बाहेर येऊन उचलला.

"पोरी, तुह्या लॅपटॉपले भूत लागलं."

"काय झालं बाबा?"

"मी मराठी लिहितो, ते इंग्रजी लिहिते. मी खाली जातो, ते वर जाते."

"बंद करून चालू करा."

"केलं."

"मग नीट बघून टाइप करा ना, बाबा!"

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी विसरले होते. ते विसरले नव्हते.

रेमिंग्टनचा माणूस

आता बाबांची ओळख. बाबा टायपिस्ट. १९८४ पासून. कचेरीच्या बाहेर लिंबाखाली टेबल, टेबलावर मराठी टाइपरायटर, बाजूला कार्बन पेपरची चळत. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, करारनामे, वाटणीपत्रं. लोक तोंडाने भांडण सांगायचे, बाबा त्याचा मायना करून द्यायचे. माझी पहिली ते बारावी त्या 'टकटक'वर झालीय, शब्दशः.

मग कॉम्प्युटर आला. टाइपरायटर गेला. बाबा नाही गेले. कृतिदेव फॉन्टवर त्यांनी जुन्याच रेमिंग्टन पद्धतीने काम सुरू केलं. तिथेही एक भूत होतंच. कृतिदेवमध्ये कॉम्प्युटरला मराठी कळत नाही. तो मनात इंग्रजी अक्षर लिहितो आणि त्याला मराठी मुखवटा चढवतो. मनात स्मॉल डी, चेहरा 'क'चा. मनात कॅपिटल डी, चेहरा अर्ध्या 'क्'चा. आता वर्डला खोड अशी की वाक्याचं पहिलं इंग्रजी अक्षर तो आपणहून कॅपिटल करतो. झालं! 'क'ने सुरू होणारं वाक्य पाय मोडूनच उभं राहायचं. बाबांनी हे स्वतः शोधून काढलं आणि ऑटोकरेक्टमधली ती खूण काढून टाकली. तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला ऑटोकरेक्ट म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. म्हणजे माणूस काही अडाणी नाही, बॉस!

तीन वर्षांपूर्वी मी त्यांना नवा लॅपटॉप दिला. कृतिदेवची फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवली की समोरच्याकडे निव्वळ इंग्रजी कचरा दिसायचा, म्हणून युनिकोड. विंडोजमधला मराठी कीबोर्ड चालू केला, तो इनस्क्रिप्ट. आणि मग बाबांनी जे केलं ते मला जमलं नसतं. साठीला आलेल्या माणसाने आयुष्यभराची बोटांची सवय मोडली. इनस्क्रिप्टचा तक्ता कागदावर काढून देवघराशेजारी चिकटवला आणि तीन महिने रोज पहाटे सराव केला. एमपीएससीच्या टंकलेखकाला मराठीचे मिनिटाला ३० शब्द लागतात. बाबा चौथ्या महिन्यात त्याच्या पुढे होते.

आणि आता भूत.

आईचा फोन

बाबांचे अजून दोन फोन आले. मी दोन्ही वेळा 'रिमोटने बघते' म्हटलं. एकदा बघितलंही. सगळं मस्त चाललं होतं! मी पाहते तेव्हा भूत गायब. मग मी मनातल्या मनात निदान करून टाकलं. वय झालंय. आता होणारच.

मग आईचा फोन आला. आवाज बारीक.

"तुझे बाबा पंधरा दिवस झाले टेबलवर गेले नाहीत."

कारण होतं एक प्रतिज्ञापत्र. डोंगरगाव नावाची गावं आपल्याकडे ढिगाने आहेत. तशाच एका डोंगरगावच्या आजोबांचा कागद बाबांनी टाइप केला आणि त्यात गाव उमटलं 'ढोंगरगाव'. सगळ्यांसमोर कुणीतरी ते मोठ्याने वाचलं. लोक हसले. आजोबांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी. बाबांनी कागद फुकट करून दिला, भाड्याचे पैसे दिले, लॅपटॉप मिटला आणि घरी आले. आईला म्हणाले, "हात गेला माझा."

"अन् ऐक," आई म्हणाली, "संभाजीनगरच्या डोक्याच्या डॉक्टरची वेळ घेतली त्याहीनं. तुले सांगू नको म्हणे."

शुक्रवारी रात्री मी ट्रॅव्हल्समध्ये होते. जालना गेलं, देऊळगाव राजा गेलं, झोप काही लागली नाही. मीच म्हटलं होतं ना... नीट बघून टाइप करा.

स्क्रीन नाही, हात

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. "बाबा, एक अर्ज टाइप करा. कुठलाही." आणि या वेळी मी एक शहाणपणा केला. रिमोटने फक्त स्क्रीन दिसते. आता मी स्क्रीनकडे बघितलंच नाही. बाबांच्या हातांकडे बघत बसले.

पहिलं भूत सात मिनिटांत सापडलं. बाबांचा डावा अंगठा स्पेसबारवरून थोडा डावीकडे घसरतो. तिथे असतं ऑल्ट. त्याच वेळी करंगळी शिफ्टवर. ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडलं की विंडोज भाषा बदलते! विंडोजची ती ठरलेली सोयच आहे. वर मी शहाणीने त्यात इंग्लिश-यूएस, इंग्लिश-इंडिया आणि मराठी अशा तीन भाषा घालून ठेवलेल्या. म्हणजे एकदा चुकून दाबलं की इंग्रजी, परत मराठीत यायला पुन्हा दाबलं की... दुसरं इंग्रजी! दिसायला दोन्ही सारखीच. माणसाला वाटणार, बटणच बिघडलं.

दुसरं भूत त्याच्याच पोटातलं. भाषा परत आणायला बाबा ऑल्ट-शिफ्ट दाबायचे आणि बोटं पुरती उचलायच्या आत खालचा किंवा वरचा बाण दाबायचे. वर्डमध्ये ऑल्ट-शिफ्ट आणि वरचा बाण म्हणजे अख्खा परिच्छेद उचलून वर नेणे. माझ्यासमोर 'आपला विश्वासू' टुणकन उडी मारून 'महोदय'च्या डोक्यावर जाऊन बसला! बाबांनी माझ्याकडे बघितलं. "पाह्यलं? मी काहीच नाही केलं." आणि खरंच, त्यांच्या बाजूने त्यांनी काहीच केलं नव्हतं.

तिसरं. अर्जात मधे एक इमेल पत्ता इंग्रजीत होता. बाबांनी तिथे क्लिक केलं, एक अक्षर सुधारलं, खाली आले. कीबोर्ड इंग्रजी! या वेळी तर ऑल्टला हातही लावला नव्हता. वर्डमध्ये एक सेटिंग असतं. आजूबाजूचा मजकूर ज्या भाषेत, त्या भाषेचा कीबोर्ड तो आपणहून लावतो. दोन भाषांत काम करणाऱ्या कुणाकुणाला ते आवडतंही. बाबांसाठी ते म्हणजे कुणीतरी पाठीमागून येऊन खुर्ची सरकवणं.

तीन भुतं उतरली. पण खरं भूत राहिलं होतं. ढोंगरगाव.

करंगळीचा तबला

इथे थोडं इनस्क्रिप्ट समजून घ्या, कारण गंमत त्यातच आहे. या कीबोर्डवर अक्षरांची मांडणी आपल्या बाराखडीसारखी शिस्तीत आहे. 'क' जिथे, तिथेच शिफ्ट दाबलं की 'ख'. 'ग'वर 'घ', 'त'वर 'थ', 'द'वर 'ध', 'प'वर 'फ', 'ब'वर 'भ'. हलका उच्चार साध्या बटणावर, जड उच्चार शिफ्टवर. ज्याने हे ठरवलं त्याला सलाम! १९९१ च्या भारतीय मानकात ही मांडणी आहे.

पण यामुळे आमचा अख्खा जिल्हा शिफ्टवर उभा आहे. तेरा तालुक्यांपैकी मलकापूर, मेहकर, नांदुरा आणि संग्रामपूर हे चारच बिनशिफ्टचे. बाकी नऊंना करंगळी लागतेच. शिफ्ट निसटलं की चिखलीची 'चिकली', खामगावचं 'कामगाव', शेगावचं 'सेगाव', मोताळ्याचं 'मोताला'. आणि जिल्ह्याचं नाव? ते तर लोक मुळात दोन प्रकारे लिहितात, बुलडाणा आणि बुलढाणा. इनस्क्रिप्टवर त्या दोन्हींत फरक फक्त एका शिफ्टचा! एकाच फाइलमध्ये दोन्ही असतील तर कंट्रोल-एफने एक शोधल्यावर दुसरं सापडत नाही. बाबा आपल्या चुका असेच शोधत बसायचे आणि निम्म्या हाताला लागायच्या नाहीत.

पण न दाबलेलं शिफ्ट दाबल्यासारखं का होत होतं? दुपारचे बारा वाजले. बाबा एका वाक्यावर अडले. 'सबब' लिहावं की 'तरी', विचार करत राहिले. आणि विचार करता करता त्यांची डावी करंगळी शिफ्टवर हलकेच ताल धरू लागली. टक, टक, टक, टक, टक.

स्क्रीनवर एक इंग्रजी चौकट उगवली. बाबांनी ती न वाचताच एंटर मारलं. "हे येते कधी कधी. जाहिरात हाय."

जाहिरात नव्हती! शिफ्ट पाच वेळा दाबलं की विंडोज 'स्टिकी कीज' चालू करू का, असं विचारतं. एंटर म्हणजे हो. ज्यांना एका वेळी एकच बटण दाबता येतं, त्यांच्यासाठी ही फार मोलाची सोय आहे. एकदा शिफ्ट दाबून सोडलं तरी ते पुढच्या अक्षराला चिकटून राहतं. दोनदा दाबलं तर कुलूपच लागतं. म्हणजे बाबांनी ताल धरला, विचार झाला, 'ड'चं बटण दाबलं आणि उमटला 'ढ'.

मग मला हे कधीच का दिसलं नाही? कारण स्टिकी कीज चालू असताना शिफ्ट आणि अक्षर नेहमीसारखं एकत्र दाबलं की ती सोय आपोआप बंद होते, विंडोजमध्ये सहसा तसंच ठरवलेलं असतं. म्हणजे बाबांनी पुढचा 'ख' किंवा 'ळ' टाइप केला की भूत पसार. मागे उरायचं ते फक्त चुकलेलं अक्षर. आणि ते चुकवणारा एकच संशयित... बाबा.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. पाच वेळा शिफ्ट दाबून दाखवलं. चौकट आली. एंटर मारलं. शिफ्ट दाबून सोडलं, 'ड' दाबला. 'ढ' आला.

बाबा बराच वेळ त्या 'ढ'कडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे हात नाही गेला."

"नाही गेला."

"डोकंही?"

"तेही नाही."

ते उठून मोरीकडे गेले. तोंड धुऊन यायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. आई आणि मी काही बोललो नाही.

खट् वाजायचं

दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "टाइपरायटरवर शिफ्ट दाबलं का खट् वाजायचं. समजायचं ना, दाबलेलं हाय म्हणून."

मला एकदम लॅरी टेस्लर आठवले. आपण दिवसाला शंभर वेळा कट-कॉपी-पेस्ट करतो ना, ते सत्तरच्या दशकात अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ज्यांनी घडवलं, त्यांतलं हे मोठं नाव. पुढे ते अॅपलमध्ये गेले, २०२० मध्ये वारले. या माणसाचं एका गोष्टीशी आयुष्यभर वैर होतं. मोड! तेच बटण एका अवस्थेत एक काम करतं आणि दुसऱ्या अवस्थेत भलतंच, ही गोष्ट त्यांना मान्यच नव्हती. गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा त्यांनी 'नो मोड्स' लिहून घेतलं होतं. सही ना?

शिफ्ट या शब्दाचा अर्थच सरकवणं. टाइपरायटरवर शिफ्ट दाबलं की यंत्राचा एक जड भाग खरोखर जागचा हलायचा. आपण कुठल्या मोडमध्ये आहोत ते बोटाला, कानाला, डोळ्यांना कळायचं. आता काहीच हलत नाही. भाषा बदलल्याची खूण खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, मुंगीएवढी. बाबांचे डोळे कागदावर असतात. चाळीस वर्षं तेच शिकलेत ते, बटणांकडे आणि घड्याळाकडे न बघता लिहायला. त्यांचं कौशल्यच त्यांच्या विरुद्ध साक्ष देत होतं.

आणि मी पुण्यात बसून निकाल दिला होता.

पाच मिनिटांचा उतारा

तुमच्याही घरी असं भूत असेल तर हे करा. मी त्याच दुपारी केलं.

एक, नको त्या भाषा काढून टाका. एक इंग्रजी, एक मराठी, बास.

दोन, विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे टायपिंग, मग अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज आणि त्यात इनपुट लँग्वेज हॉट कीज. तिथे ऑल्ट-शिफ्टची नेमणूक रद्द करा. भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेस आहेच, ते चुकून दाबलं जात नाही.

तीन, वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड. तिथली 'ऑटोमॅटिकली स्विच कीबोर्ड' अशी सुरू होणारी ओळ शोधा आणि खूण काढा.

चार, सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटी, कीबोर्ड, स्टिकी कीज. पाच वेळा शिफ्टचा शॉर्टकट बंद करा. पण घरात कुणाला त्या सोयीची खरी गरज असेल तर आधी विचारा.

पाच, काहीही विचित्र झालं की पुढे टाइप करू नका. आधी कंट्रोल-झेड. मराठी कीबोर्ड चालू असला तरी ते चालतं. उडी मारलेला परिच्छेद मुकाट्याने जागेवर येतो.

आणि सहावं, जे कुठल्याच सेटिंगमध्ये नाही. 'मी काहीच केलं नाही' असं कुणी म्हणालं तर आधी विश्वास ठेवा. मग हात बघा.

संध्याकाळी बाबांनी मला खुर्चीत बसवलं. "आता तू लिही. मी सांगतो." त्यांनी तेरा तालुके सांगितले, मी इनस्क्रिप्टवर टाइप केले. नऊ चुका! सिंदखेड राजा तर मी तीनदा खोडलं. बाबांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं.

"डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली हाय. तू जाते का?"

आई जी हसली, ती पंधरा दिवसांची हसली.

रविवारी रात्री मी परत निघाले. सोमवारी ऑफिसात एक नवा मुलगा म्हणाला, "माझा कीबोर्ड आपोआप काहीतरी करतोय." माझ्या तोंडावर 'रिस्टार्ट कर' आलं होतं. गिळलं. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "तू कर नेहमीसारखं. मी बघते."

दुपारी व्हॉट्सअॅप वाजलं. बाबांचा मेसेज, टेबलावरून. डोंगरगावचा दुसरा कुणी कागद घेऊन आला होता, काम झालं होतं. खाली तारीख, वार आणि जिल्हा. पत्र लिहिल्यासारखा मेसेज करतात ते. शेवटची ओळ होती:

'बुलढाणा. ढ शिफ्टने. मुद्दाम.'